गावाला जाणारं घर

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



गणपतीच्या दिवसांत आपल्याकडे आरोग्य, गुंतवणूक, संतसाहित्य अशा विषयांवर व्याख्यानं होतात. मला विषय दिलाय कॅम्परव्हॅनचा. ज्यात झोपता येतं, स्वयंपाक करता येतो, अशी गाडी. श्रीमंतांचा शौक वाटेल, पण माझ्या घरात ती शौक म्हणून आली नाही. ती का आली ते सांगतो, आणि कुणाला तसं करायचं असेल तर कुठून सुरुवात करावी तेही सांगतो.

इथं बसलेल्यांपैकी बहुतेकांचे आजोबा-पणजोबा खानदेशातून सुरतेला आले. ताप्ती व्हॅलीच्या गाडीनं नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर सोडलं आणि उधन्याला उतरले. आता आपली चौथी पिढी इथं शिकते आहे. गावातल्या घराचे वाटे पडले. कुणाचं घर पडलं, कुणाच्या वाट्याला एक खोली आली, तिला कुलूप. मात्र कुलदेवता गावाकडेच आहे. कुणाची सप्तशृंगी, कुणाची मनुदेवी, कुणाची धुळ्याची एकवीरा. लग्न झालं, बाळ झालं की जावं लागतं. जायला आहे, पण मुक्कामाला घर नाही, अशी आपली अवस्था आहे.

माझ्या आईचं वय ८१. ती अकरा वर्षं गडावर गेली नव्हती. पाय चालत होते, इच्छा होती, मुलगा न्यायला तयार होता. नडत होती एकच गोष्ट, वाटेतलं संडास. तिला दर दीड-दोन तासांनी जावं लागतं, खाली बसता येत नाही, आणि ढाब्यावर कमोड मिळेल याची खात्री नाही. म्हणून ती आदल्या दिवसापासून पाणी पिणं सोडायची, आणि निघायच्या सकाळी म्हणायची, "तुम्ही जाऊन या, मी इथूनच हात जोडते." तुमच्याही घरात हे वाक्य ऐकलेलं असेल. आमच्या गाडीचा उगम तिथं आहे.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. पंढरीच्या वाटेवर दिंडीचा ट्रक असतो. शिधा, भांडी, तंबू, थकलेली म्हातारी माणसं सगळं त्यात. नाटक कंपनीची बस रात्रभर पळायची, नटमंडळी तिच्यातच झोपायची आणि सकाळी दुसऱ्या गावी उतरायची. आणि मोटारीचं म्हणाल, तर 'टेम्पो' हा आपला शब्दच हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीचा. तिच्या सहकार्यानं बजाज टेम्पो उभी राहिली. आधी तीनचाकी, मग मॅटेडोर, मग ट्रॅव्हलर. २००५ पासून ती कंपनी फोर्स मोटर्स या नावानं ओळखली जाते. आज देशात कॅम्पर बांधायचा म्हटलं की पहिलं नाव याच ट्रॅव्हलरचं निघतं, कारण तिच्यात उभं राहता येतं आणि तिचा मिस्त्री जवळपास प्रत्येक तालुक्याला मिळतो. दुसरा पर्याय टाटाची विंगर.

आता मुद्द्याचं. दोन गोष्टी आधी, बाकी सगळं नंतर. पहिली कागद, दुसरी ऊन.

कागदापासून सुरू करू. आपल्याकडे माणूस आधी जुनी स्कूलबस घेतो, सीटा काढतो, पलंग ठोकतो आणि मग आर.टी.ओ.ची वाट विचारतो. हे उलटं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की उत्पादकानं ठरवलेल्या मूळ नोंदींशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि दंडापेक्षा मोठी भीती विम्याची. अपघात झाला आणि गाडी नोंदीप्रमाणे नाही असं निघालं, तर दावा अडकतो. म्हातारी माणसं आणि नातवंडं बसवून ही जोखीम घ्यायची नाही.

पण वाट बंद नाही. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा वाहनाचा प्रकार सरकारी यादीत आहे. अशा गाड्यांसाठी 'एआयएस-१२४' नावाचं मानकही आहे. म्हणून गाडी बांधणाऱ्याकडे गेलात की रंग, गादी, टीव्ही यांच्या आधी एकच प्रश्न विचारा: "या मॉडेलचं मान्यतेचं प्रमाणपत्र दाखवता का?" तो म्हणाला "ते मी बघून घेईन", तर चहा पिऊन परत या.

दुसरी वाट, आधीच कॅम्पर म्हणून नोंदलेली जुनी गाडी शोधायची. आम्ही हेच केलं. शोधायला आठ महिने लागले. आर.सी.वर 'बॉडी टाइप'समोर काय लिहिलंय ते मी इंजिनच्या आधी बघायचो. शेवटी महाराष्ट्रात एक ट्रॅव्हलर मिळाली. तिथल्या आर.टी.ओ.चं ना-हरकत पत्र, इथला कर, मग जीजे-०५चा नंबर. वेळ लागला, पण एकदा झालं की झोप शांत लागते.

तिसरी वाट सगळ्यात स्वस्त. गाडीला हात लावायचाच नाही. घरच्या मोठ्या गाडीत मागची सीट दुमडायची आणि सुताराकडून मापाच्या पेट्या करून घ्यायच्या. पेट्या जोडल्या की पलंग, उघडल्या की चूल आणि भांडी. प्रवास संपला की पेट्या माळ्यावर. ते सामान आहे, गाडीतला बदल नव्हे. मात्र धावत्या गाडीत पेट्या पट्ट्यांनी घट्ट बांधा, आणि त्यांच्यावर माणूस बसवू नका. दोघंच फिरणार असाल तर हेच करा.

आणि खासगी नोंदीची गाडी भाड्यानं देता येत नाही. ओळखीतल्यांना पैसे घेऊन द्यायची कल्पना मनातून काढून टाका.

आता ऊन. कॅम्परवरची पुस्तकं आणि व्हिडिओ बहुतेक युरोप-अमेरिकेतले. त्यांची सगळी काळजी थंडीची. ऊब आत कशी कोंडावी हे ते शिकवतात. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतो. आपल्याला ऊब बाहेर काढायची आहे. त्यांचं जसंच्या तसं केलं तर गाडीची भट्टी होते, आणि पावसाळ्यात त्या भट्टीला बुरशी लागते.

मे महिन्यात दुपारी गाडीच्या टपाचा पत्रा हात ठेवू देत नाही. म्हणून टप पांढरा ठेवा. वर सोलर पॅनल बसवाल तेव्हा ते पत्र्याला चिकटवू नका, चार बोटं वर उचलून बसवा. मधून वारा वाहिला की पॅनलच टपाची सावली होतं. लँड रोव्हर कंपनी उष्ण देशांसाठी टपावर दुसरा पत्रा बसवून द्यायची, तत्त्व तेच. आपल्या जुन्या घरांचा माळा तरी दुसरं काय करायचा?

आतल्या अस्तराला काचेची लोकर नको. आपल्या दमट हवेत ती ओल धरते. बंद छिद्रांचा फोम वापरा, पाणी पीत नाही. प्लाय घ्यायचा तर पाण्याला टिकणारा, स्वस्तातला फुगतो आणि त्याला कीड लागते. डुमस-हजिऱ्याच्या बाजूला राहणाऱ्यांनी खारी हवाही लक्षात ठेवावी, खिळे-स्क्रू स्टीलचेच घ्यावेत. पडद्याच्या कापडाबद्दल सुरतकरांना मी काय सांगणार!

टपावरचा झरोका मात्र डोळ्यांदेखत बसवून घ्या. आमच्या झरोक्याची कड नव्यानं बसवायला एका कारखान्यात दिली होती. बिल चोख आलं, आणि पहिल्या पावसात गादी भिजली. तेव्हापासून नियम एकच: काम झालं की पैसे देण्याआधी टपावर अर्धा तास पाइपनं पाणी सोडायचं.

सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, ए.सी. चालेल का? हिशोब करू. एक टनाचा ए.सी. रात्रभर चालवायला पाच-सहा युनिटं वीज लागते. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी सुमारे सव्वा युनिट धरते, वापरायचं त्यातलं एक. म्हणजे नुसत्या ए.सी.साठी पाच-सहा बॅटऱ्या. त्याऐवजी २५ वॅटचे दोन पंखे दहा तास चालवले तर लागतं अर्धं युनिट. छोट्या फ्रिजला दिवसाला साधारण अर्धं. दिवे आणि मोबाइल किरकोळ. टपावर २०० वॅटचे दोन पॅनल असले, तर स्वच्छ उन्हाच्या दिवशी एवढी वीज मिळते. पावसाळ्यात नाही मिळत, तेव्हा दोन बॅटऱ्या ठेवा.

आणि खरा ए.सी. आपल्याला निसर्गानं दिलाय, तो म्हणजे घाट. दर हजार मीटर उंचीला हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. सापुतारा हजार मीटरच्या आसपास, तोरणमाळ त्याहून थोडं वर. रात्रीचा मुक्काम वर ठेवा. ऋतूही आपलाच पाळा. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, डार्विनच्या बाजूला, अशा गाड्यांतून फिरणारे लोक मे ते ऑक्टोबरचा कोरडा काळ धरतात. आपला काळ दिवाळी ते होळी.

गॅसबद्दल दोन शब्द. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळात बाहेर उघडणारी जाळी हवीच. लहान सिलिंडर, उघडं दार, आणि झोपताना रेग्युलेटर बंद. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो. शंभर लिटरची टाकी भरली की दीड माणूस जास्तीचा बसवला असं समजा. खिडक्यांना मच्छरजाळी लावा, हे सुरतेत वेगळं सांगायला नको.

आणि संडास, ज्याच्यासाठी हे सगळं. खालची टाकी वेगळी निघते असा सुटा कमोड मिळतो. त्याच्याभोवती दार, हाताला धरायला दोन भक्कम दांडे आणि गाडीत चढायला रुंद, ठेंगणी पायरी. आमच्या गाडीत सगळ्यात विचारपूर्वक केलेली गोष्ट ही पायरी आहे. टाकी मात्र संडासातच रिकामी करायची. शेतात, ओढ्यात, रस्त्याकडेला नाही. आपल्या घरच्यांची सोय म्हणजे दुसऱ्याच्या गावाची घाण, असं होता कामा नये.

गेल्या माघात आईला घेऊन निघालो. वघईच्या पुढे सापुताऱ्याला रात्र, दुसऱ्या दिवशी वणी. गडावर २०१८ पासून ट्रॉली झाली आहे, पायऱ्यांचा प्रश्न उरला नाही. चैत्रात आणि नवरात्रात खासगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात, म्हणून आम्ही गर्दी टाळून गेलो. वाटेत ती तीनदा पाणी मागून प्याली. माझ्यासाठी यात्रेचं फळ तेवढंच होतं.

परतताना खानदेशातून आलो. प्रकाशाला तापीवर थांबलो, मग नवापूर, जिथलं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. आई हसून म्हणाली, "आपल्यासारखंच."

या प्रवासात एक अडचण कायम राहिली. रात्री गाडी लावायची कुठे? महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनंही त्याच वर्षी आणलं. पण आपल्या वाटेवरच्या गावांत अशा गाड्यांचे तळ नाहीत. पेट्रोल पंपावर झोप लागत नाही, आणि अनोळखी शेतात गाडी लावली तर लोकांनी संशय घेणं साहजिक आहे. आम्हाला दोन रात्री मिळाल्या त्या या मंडळाच्या ओळखीनं. एका सभासदाच्या चुलत्यांचं अंगण, दुसऱ्यांच्या मामांचं खळं. सकाळी त्या घरातून कळण्याची भाकरी आणि ठेचा आला. पैसे कुणी घेतले नाहीत.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. आपल्या प्रत्येकाचं गावाकडे काही ना काही उरलं आहे. घर नसेल, पण अंगण असेल, खळं असेल, भावाचं शेत असेल. मंडळानं एक वही करावी. ज्याची तयारी असेल त्यानं गावाचं नाव, जागा, पाणी आहे का, कमोड आहे का, एवढं लिहावं. कॅम्पर सगळे घेणार नाहीत, घ्यायची गरजही नाही. साध्या गाडीनं, आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यालाही वाटेत तासभर टेकायला ओळखीचं दार मिळेल. कार्यालयातल्या टेबलावर ती वही आजच ठेवलेली आहे. पहिल्या पानावर आमच्या गावचं खळं लिहिलंय. पाणी आहे, बाभळीची सावली आहे, आणि कमोड या दिवाळीपर्यंत बसेल.