दुष्काळांतील कर्ज आणि दात्यांचें कर्तव्य



दुष्काळग्रस्तांस धान्य व गुरांस कडबा पुरविण्यासाठीं आपण जो उदार हात पुढें केला, त्याबद्दल कमिटीच्या वतीनें आम्ही आपले ऋणी आहों. परंतु आज आपणांपुढें निराळीच विनंती मांडावयाची आहे. धान्यानें भूक भागते. कर्जापायीं गेलेली जमीन मात्र सहसा परत येत नाहीं.

पाऊस हुकला म्हणजे अडलेला शेतकरी दरमहा शेंकडा 5 रुपये व्याजानेंही कर्ज काढतो. त्याचा हिशेब पाहावा. 10,000 रुपयांवर वर्षाचें व्याज 6,000 रुपये होतें. वीस महिन्यांत व्याज मुदलाएवढें होतें, आणि मुद्दल जसेंच्या तसें उभें राहतें. मग तारण म्हणून जमिनीचें खरेदीखत लिहून घेतलें जातें. अशा घरीं आपलें दान एका दारानें येतें व व्याजाच्या रूपानें दुसऱ्या दारानें निघून जातें.

हें दुखणें जुनें आहे. 1875 च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें रयत सावकारांवर उठली; तिचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. पुढें 1876-78 चा दुष्काळ पडला, आणि 1879 च्या कायद्यानें रोख्यावरील आंकड्यामागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशांस दिला. आज महाराष्ट्रांत 2014 चा सावकारी नियमन अधिनियम आहे. त्यान्वयें विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, चक्रवाढ व्याज वर्ज्य आहे, आणि मुदलाहून अधिक व्याज वसूल करतां येत नाहीं; दामदुपटीचा जुना न्यायच तो. सावकारीच्या ओघांत बळकावलेली जमीन परत देवविण्याचा अधिकारही जिल्हा निबंधकांस आहे. परंतु हातीं पावतीच नसेल तर गरिबानें दाद कशाच्या बळावर मागावी?

आपणांपैकीं कित्येक स्वतः देवघेव करणारे आहेत. सारेच सावकार निर्दय असतात, असें आम्ही म्हणत नाहीं. अडल्या वेळीं गांवास पेढीचाच आधार झाला, हेंही खरें. म्हणूनच आमच्या तीन विनंत्या आहेत. पेरणीपूर्वीं बियाण्यासाठीं कांहीं रक्कम कमिटीकडे बिनव्याजी ठेवावी. सुगीनंतर ती परत आली म्हणजे दुसऱ्या गांवाच्या उपयोगीं पडेल. देवघेव परवान्यानें व कायदेशीर दरानेंच करून प्रत्येक हप्त्याची पावती द्यावी. आणि कर्जापोटीं कोणाच्याही जमिनीचें खरेदीखत लिहून घेऊं नये.

पाऊस पुन्हा पडेल. त्या दिवशीं शेतकऱ्यास पेरावयास त्याची जमीन त्याचीच उरलेली असावी, एवढीच आमची याचना आहे.