खळ्यावरचा पदर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाने मला चार शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि चारचौघींत उभे राहून बोलावयाची सवय नाही. परंतु विषय 'कामाच्या जागी सुरक्षितता' असा कळला, आणि त्यावर मी गप्प बसणे बरे दिसले नसते. त्याचे कारण ओघात येईलच.

कामाची जागा म्हटली की आपल्यापुढे शहरातला कारखाना उभा राहतो. आपल्या कळंब तालुक्यात बहुतेक बायकांचा कारखाना म्हणजे शेत आणि खळे. सोयाबीन निघते तेही नेमके नवरात्राच्या सुमारास. घरात घट बसलेले, वर परतीच्या पावसाचे ढग, गंजीवर ताडपत्री ओढलेली. कोजागरीला तुळजापूरला पायी जायचे म्हणून पोरांचा जीव आधीच वाटेला लागलेला. जो तो म्हणतो, आज रात्रीतून मशीन लावा.

मशीन आमच्या घरचेच होते. मळणी यंत्र हे त्याचे पुस्तकातले नाव. आपण कोणी हडंबा म्हणतो, कोणी नुसतेच मशीन. गावभर ते भाड्याने जाई. भाडे पोत्यामागे, म्हणून थांबला तितका तोटा. मशीनच्या पट्ट्यावर एक लोखंडी जाळी असते. पट्टा घसरला की दर वेळी ती जाळी खोलावी लागे, तेव्हा आमच्या मालकांनी ती एकदा काढली ती काढलीच. गोठ्यात पडून होती. मी ती उचलली आणि कोंबडीच्या पिलांवर झाकायला घेतली. दोन हंगाम ती जाळी माझ्या अंगणात होती. ती कशासाठी असते हे मला ठाऊक नव्हते असे मी म्हणणार नाही. पुरुषांच्या यंत्रात आपण कशाला बोलावे, एवढेच मनात होते.

तिसऱ्या हंगामात, रात्रीच्या वेळी, ट्रॅक्टरच्या दिव्यात मळणी चालली होती. आमच्या शेजारच्या एक मावशी भुसकट ओढीत होत्या. वारा फिरला, पदर उडाला आणि पट्ट्यात गेला. त्यांनी काय करावे? जे तुम्ही-मी करू तेच केले, पदर हाताने ओढला. ट्रॅक्टर लगेच बंद केला, पण मशीनचे जड चाक बंद केल्याबरोबर थांबत नाही, काही वेळ फिरतच राहते. उजव्या हाताची दोन बोटे गेली. जीव वाचला तो लुगडे जुने होते आणि फाटले म्हणून.

पुढे माझ्या मुलीने मला एक हिशेब करून दाखविला. ट्रॅक्टरच्या मागचा शाफ्ट मिनिटाला साधारण ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्टचा घेर एक वीत धरला तर सेकंदाला नऊ विती कापड गुंडाळले जाते. नऊवारी लुगडे सबंध जायला चार-पाच सेकंद पुरे. 'अगं बाई' म्हणेपर्यंत सारे आटोपते. माणसाची चपळाई तेथे कामाची नाही.

दवाखान्याचा खर्च आम्ही केला. भरपाईसाठी चौकशी केली तेव्हा जे कळले ते तुम्हांलाही ठाऊक असावे. २०२३ पासून सरकारने गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना चालविली आहे. अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये, एक हात, पाय किंवा डोळा निकामी झाल्यास एक लाख. परंतु ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरातील आणखी एका माणसासाठी. मावशींच्या नावावर वीतभर जमीन नाही. म्हणजे मशीनपाशी उभी राहणारी बाई बहुधा या योजनेबाहेरच. दुसरीकडे, भरपाईचा १९२३ सालचा जुना कायदा २०२५ पर्यंत होता, त्यात ट्रॅक्टर-यंत्रावर चालणाऱ्या शेतीकामाचे मजूर धरलेले होते, आणि त्यात भार येई तो काम लावणाऱ्यावर. मळणी यंत्रांनी इतके हात गेले की १९८३ साली केंद्र सरकारला धोकादायक यंत्रांचा वेगळा कायदा करावा लागला. कायदे आहेत. खळ्यावर मात्र ते कोणी वाचून दाखवीत नाही, आणि आम्हीही कोणाला दाखविले नव्हते.

आता आमच्या खळ्यावर काय चालते ते सांगते. जाळी बसविल्याशिवाय ट्रॅक्टर सुरू होत नाही. पहिल्या वर्षी मालक चिडले, म्हणाले, "पट्टा घसरला तर तू येणार का खोलायला?" मी म्हटले, येईन, आणि दोनदा पाना घेऊन गेलेही. आत पेंढी अडकली तर मशीन पूर्ण थांबल्यावरच हात घालायचा. लेकरे खळ्यावर नाहीत, अगदी ताक द्यायलासुद्धा नाहीत. रात्रीची मळणी बंद केली; त्यापायी दोन गिऱ्हाइके गेली, हे खोटे कशाला सांगू? एका वर्षी थोडा माल भिजलाही.

पदराचे मात्र नुसते सांगून भागत नाही. खोचलेला पदर वाकताना सुटतो, वेणी पुढे येते. पुष्कळ बायका लुगड्यावर पुरुषाचा जुना शर्ट घालतात, ते चांगलेच. पण त्याच्या बाह्या लोंबतात आणि गुंड्या तुटलेल्या असतात. मावशी आता डाव्या हाताने खुरपतात आणि मशीनपाशी येत नाहीत. त्यांनीच मला सुचविले की शर्टाची बाही मनगटाशी घट्ट करून द्या आणि डोक्याला बांधायला मागे गाठ येणारा रुमाल द्या.

आपल्या शिवणवर्गात यंत्रे आहेत. घरोघरी जुने शर्ट आहेत. दसऱ्याला अजून दोन महिने आहेत. ज्यांच्याकडे शर्ट असतील त्यांनी येत्या शुक्रवारी दुपारी घेऊन यावे; गुंड्या आणि दोरा माझ्याकडून.