पहिली पुडी कोणी दिली?



महागणपतीच्या टिटवाळ्यात आपलं मनापासून स्वागत. शकुंतलेनं इथं गणरायाची आराधना केली, अशी आमच्याकडची आख्यायिका आहे. पेशवाईत तळ्याचा गाळ उपसताना मूर्ती सापडली, असं जुनी माणसं सांगतात. अंगारकीला इथल्या रांगा तुम्ही पाहिल्या असतील. पण किशोरवयीन मुलांच्या व्यसनांवर बोलायला ही परिषद आमच्या गावात भरते आहे, म्हणून रांग ओसरल्यानंतरचा टिटवाळाही तुम्हाला सांगायला हवा.

टिटवाळ्यातल्या आणि शेजारच्या मांडा गावातल्या चाळींमधून आई-बाप पहाटेची लोकल पकडतात. कुणी ठाण्याला उतरतं, कुणी दादरला, कुणी थेट सीएसएमटीला. घरी परतायला रात्रीचे आठ-नऊ वाजतात. शाळा सुटल्यापासून तोवर घरात मोठं माणूस नसतं. पोराच्या दप्तरात किल्ली असते, खिशात वडापावचे पैसे असतात. या मोकळ्या तासांत त्याला नावानं हाक मारणारा पहिला माणूस कोण भेटतो, यावर त्याचं पुढचं बरंच काही ठरतं. काळू नदीच्या काठावर बसलेली मुलं मुळात वाईट नाहीत. तिथं त्यांना कुणीतरी 'ये, बस' म्हणतं, म्हणून ती तिथं जातात.

मी इथं दवाखाना चालवते. एक आई चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. तक्रार एवढीच, की त्याला तिखट खाववत नाही, तोंडाची आग होते. तोंड उघडायला सांगितलं. निरोगी तोंडात तीन बोटं उभी जातात, त्याच्या तोंडात जेमतेम दोन गेली. गालाची आतली बाजू पांढुरकी आणि कडक झालेली. मावा. आई म्हणाली, "डॉक्टर, मी याला चहासुद्धा देत नाही हो." तिला बाहेर बसवून मी त्याला विचारलं, पहिली पुडी कोणी दिली? खाली मान घालून म्हणाला, "मंडळातल्या दादानं. मिरवणुकीत. दम लागत नाही म्हणाला."

आजच्या परिषदेचा विषय मला या उत्तरात दिसतो. कुणी अनोळखी विक्रेता अंधारात गाठतो आणि पोर व्यसनी होतं, असं चित्र आपण रंगवतो. तसंही घडतं. पण बहुतेक वेळा पहिली पुडी, पहिला झुरका, पहिला घोट ओळखीच्या हातातून येतो, आणि तोही आनंदाच्या दिवशी. आमच्याकडच्या हळदी आठवा. डीजे लागलेला असतो, मांडवाच्या मागे टेबल मांडलेलं असतं, आणि बर्फ, सोडा, चखणा पोहोचवायला घरातलंच बारा-तेरा वर्षांचं पोर धावत असतं. कुणाला किती पाणी लागतं हे त्याला पाठ होतं. मग एखादा मामा हसत ग्लास पुढे करतो, "घे रे, मोठा झालास." श्रावण पाळायचा म्हणून आदल्या रात्री गटारी करायची, ही रीतही आपलीच. संयमाच्या महिन्याचं दार आपण बाटलीनं उघडतो आणि मुलं ते पाहतात. चिलीम ओढणारी मुलं मला शंकराचं नाव सांगतात. आणि आजी तव्यावर मशेरी भाजते, नातवाचा दात ठणकला की तीच मशेरी बोटानं लावून देते. तिच्या मायेत खोट नाही, पण तंबाखूची ओळख तिथूनच होते.

याच समाजाकडे, याच धर्मांकडे मुलांना वाचवण्याचं बळही आहे, आणि ते मी डोळ्यांनी पाहते. गळ्यात तुळशीची माळ आली की घरातून दारू हद्दपार होते. गाडगेबाबांनी कीर्तनातून अडाणी माणसाला दारूपासून सोडवलं, ते त्याच्याच बोलीत त्याला प्रश्न विचारून. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. रमजानमध्ये रोजे ठेवणारी मुलं महिनाभर तंबाखूविना दिवस काढू शकतात. आमच्या पट्ट्यात श्री बैठकीला जाणाऱ्या कितीतरी घरांत बाटली कायमची बंद झाली.

हे का घडतं? धार्मिक समूहाशी जोडलेल्या मुलांत व्यसनाचं प्रमाण साधारणपणे कमी असतं, असं ठिकठिकाणचे अभ्यास सांगतात. माझ्या मते त्यात पापाच्या भीतीचा वाटा लहान आहे. दर आठवड्याला कुणीतरी वाट पाहतं, आलं नाही तर घरी येऊन विचारतं, टाळ धरायला देतं, याचा वाटा मोठा आहे. आइसलँडनं हेच काम धर्माचा आधार न घेता केलं. १९९८ साली तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं मागच्या महिन्यात एकदा तरी झिंगलेली होती. २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. त्यांनी मुलांच्या दुपारी खेळांनी आणि संगीतानं भरल्या, रात्री त्यांना घरी ठेवलं आणि पालकांना एकमेकांशी बोलतं केलं.

आपल्याकडे २०१९ च्या पाहणीत तेरा ते पंधरा वयाच्या शाळकरी मुलामुलींत ८.५ टक्के तंबाखूचं सेवन करणारी निघाली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या राष्ट्रीय अहवालात व्हाइटनर, सोल्युशन हुंगण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत दुप्पट आढळलं. कायदे आहेत. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, आणि अल्पवयीन मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे कलम मिरवणुकीतल्या दादाला लागू आहे, हळदीतल्या मामालाही लागू आहे.

धर्मकार्य करणाऱ्यांना एक गोष्ट कळकळीनं सांगते. शपथ घेतलेला मुलगा घसरला की तो सर्वांत आधी तुम्हाला टाळतो. माळ काढून कपाटात ठेवतो आणि बैठकीच्या रस्त्यानं जाणं सोडतो. घरचेही 'चार लोक काय म्हणतील' म्हणून गप्प बसतात, आणि उपचाराची दोन-तीन वर्षं वाया जातात. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. पेशंट ज्यांना 'बडी मॅडम' म्हणत, त्या अनिताताईंनी घसरून परत आलेल्याला पुन्हा आत घेतलं, कारण व्यसन हा उलटणारा आजार आहे हे त्यांना ठाऊक होतं. प्रत्येक देवळानं, मशिदीनं, विहारानं आणि चर्चनं परत येणाऱ्यासाठी एवढी जागा ठेवलीच पाहिजे.

आज दिवसभर तुम्ही ठराव कराल. माझी मागणी छोटी आहे. इथं बसलेल्या मंडळांच्या अध्यक्षांनी या वर्षी मिरवणुकीत अठरा वर्षांखालच्या मुलांची जबाबदारी दोन ठरावीक माणसांवर सोपवावी आणि त्यांची नावं मंडपात लावावीत. लग्नघरांनी हळदीचं टेबल बंद करावं. ते जमत नसेल तर निदान आपल्या पोराच्या हातात बर्फाची बादली देऊ नये. देवस्थानांनी आणि विहारांनी आपली सभागृहं दुपारी दोन ते सहा मुलांसाठी उघडी ठेवावीत. आणि घरात कुणी अडकलं असेल तर आजच १४४४६ वर फोन करा, ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे.