दुसरी प्रत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत म्हैसूर येथे केलेले भाषण)



कार्यकारिणीने आम्हांस ‘प्रवास’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली आहे. केंद्र सरकारच्या सेवेत बदल्यांच्या निमित्ताने प्रवास पुष्कळ घडला. परंतु प्रवासवर्णन ऐकविण्याचा आमचा हेतू नाही. एका प्रवासात जे गमावले, तेवढेच सांगावयाचे आहे. आम्ही कलाशाखेचे साधे पदवीधर. संगणकातील जाणकार नव्हे. तेव्हा हे जाणत्याचे मार्गदर्शन न समजता ठेच लागलेल्याचे बोलणे समजून ऐकावे.

चार वर्षांपूर्वी आमचे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणत असू, सांगलीहून आमच्याकडे आले. वय ८४. त्यांची एकच इच्छा होती : श्रवणबेळगोळ पाहावयाचे. गोमटेश्वराच्या सुमारे ५७ फूट उंच मूर्तीच्या पायाशी मराठीतील दोन ओळींचा प्राचीन लेख आहे. चावुंडराजाने मूर्ती करविली आणि गंगराजाने भोवतालचे आवार करविले, असा त्याचा आशय. त्याच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत; परंतु शाळामास्तर असलेल्या आप्पांनी तो लेख चाळीस वर्षे मुलांना नुसता सांगितला होता, पाहिला नव्हता. डोलीतून त्यांना वर नेले. कठड्याबाहेर उभे राहून, बोट हवेत फिरवीत, त्यांनी एकेक अक्षर लावले आणि म्हणाले, “अरे, हे तर आपलेच बोलणे!” आम्ही कॅमेऱ्याने पंधरा-वीस छायाचित्रे घेतली.

मुक्काम हासनला होता. आमचा शिरस्ता असा की, रोज रात्री कार्डावरील छायाचित्रे लॅपटॉपवर उतरवावयाची आणि दुसऱ्या दिवसासाठी कार्ड पुसून कोरे करावयाचे. या शिस्तीचा आम्हांस अभिमानही होता. दुसऱ्या दिवशी बेलूर-हळेबीड झाले, तिसऱ्या दिवशी सकलेशपूरची वाट. त्या रात्री लॅपटॉप उघडला, तो आतून टक्‌टक्‌ असा आवाज. पडद्यावर काही उमटेना. आम्ही तो पाच-सहा वेळा बंद-चालू करून पाहिला. तसे करावयाचे नसते, हे नंतर कळले : डिस्क वाजू लागली की यंत्र तत्काळ बंद करून स्वस्थ बसावे. बेंगळुरूच्या तज्ज्ञाने पुढे ती उघडली, तेव्हा चकतीवर ओरखडे पडलेले होते.

आता आमची चूक पाहा. छायाचित्रे सुरक्षित ठेवतो असे आम्ही समजत होतो. वस्तुतः ती एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवीत होतो. नोकरीच्या प्रारंभी कार्बन लावून प्रत्येक पत्राच्या चार प्रती काढल्याखेरीज ज्याने कागद पुढे सोडला नाही, त्या गृहस्थाने वडिलांचे छायाचित्र एकाच प्रतीत ठेवावे, याला काय म्हणावे?

आपल्याच म्हैसुरात पुरातत्त्व सर्वेक्षणाची पुराभिलेख शाखा आहे. तेथील मंडळी शिलालेखाचा ठसा घेतात, तो पाहण्यासारखा असतो. दगड घासून धुवावयाचा, ओला कागद त्यावर बसवून ब्रशने ठोकावयाचा, म्हणजे तो अक्षरांच्या खाचांत शिरतो. मग शाईचा बोळा फिरवावयाचा. पृष्ठभाग काळा होतो, अक्षरे पांढरी राहतात. ठसा कार्यालयात येतो, दगड जागच्या जागी राहतो, आणि पुढे मजकूर छापला जातो. श्रवणबेळगोळचे लेख राइस यांनी १८८९ सालीच ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले आणि नरसिंहाचार यांनी १९२३ साली त्यांची सुधारून वाढविलेली आवृत्ती काढली. म्हणजे चावुंडराजाच्या अक्षरांची सोय जगाने केव्हाच लावून ठेवली होती. ती वाचणाऱ्या आप्पांची सोय मात्र आमच्यावाचून कोण लावणार होते?

कार्डाचे काय झाले तेही सांगतो. पुसलेल्या कार्डावरून पुष्कळदा छायाचित्रे परत मिळतात. ग्रंथालयाच्या सूचीतील नोंद खोडावी, पण पुस्तक फळीवरच राहावे, तसा तो प्रकार असतो. त्या जागी नवे पुस्तक येईपर्यंतच आशा. म्हणून चूक लक्षात येताच त्या कार्डावर एकही नवे छायाचित्र घेऊ नये. आम्ही तर दोन दिवस घेतच होतो! मंडळातील एका तरुण सभासदाने खटपट करून अकरा छायाचित्रे काढून दिली. सारी पहिल्या दिवसाच्या शेवटाची : डोलीवाले, उतरती पायवाट, उसाचा रस पिणारे आप्पा. वरची छायाचित्रे नव्या चित्रांखाली गेली होती.

पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला संकेत असा : प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत अन्यत्र. प्रवासात आम्ही तो आपल्या बेताने पाळतो. कार्डे लहान व चार-पाच घेतो, आणि घरी पोहोचेपर्यंत एकही पुसत नाही. रात्री छोट्या कार्डवाचकाने छायाचित्रे फोनवर व एका वेगळ्या डिस्कवर उतरवितो. त्यांतली दोन-चार उघडून पाहतो, कारण नाव दिसले म्हणजे चित्र आहेच असे नव्हे. डिस्क सौभाग्यवतींच्या पर्समध्ये, कार्डे आमच्या खिशात. (पिशवी चोरीस गेली तर एकच जावी.) मुक्कामी इंटरनेट बरे असेल तर निवडक चित्रे त्याच रात्री घरच्यांकडे जातात, ती पूर्ण आकारात, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावीत, नाहीतर व्हॉट्सअॅप त्यांचा आकार घटविते.

आप्पा त्यानंतर सात महिन्यांनी गेले. तेराव्याला सांगलीस आमच्या भगिनीने आपला फोन पुढे केला. आमच्या कन्येने डोंगरावरूनच तिला एक छायाचित्र पाठविले होते. मूळ तिने फोन भरला म्हणून त्याच रात्री पुसले होते, आणि पाठविल्याचेही विसरली होती. चित्र लहान, कडा धुरकट. आप्पांचे बोट अक्षरांकडे आहे आणि डोळे नेमके मिटलेले. ते आता चार ठिकाणी आहे.