गर्दीपुढे नदीची बाजू



निसर्गरक्षणाचे काम करणाऱ्यांनी मोठ्या राजकीय मेळाव्यात जाऊन लोकांशी बोलावे काय, आणि बोलावे तर कोणत्या रीतीने, हा आजचा विषय आहे. आमच्यापैकी पुष्कळांना गर्दीचे वावडे असते. झाडे, पाणी, माती यांचा विचार शांतपणे व्हावा, घोषणांच्या गदारोळात होऊ नये, असे ते म्हणतात. म्हणणे खोटे नाही. पण नदीचे भवितव्य ठरते ते मतांवर, आणि मते असतात गर्दीजवळ. तेव्हा गर्दीला टाळून कसे चालेल?

ही कल्पना नवी नाही. 1936 च्या डिसेंबरात आपल्या खानदेशात, फैजपुरास, काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच. अध्यक्ष पंडित नेहरू. नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या वस्तूंनी तेथली नगरी सजविली, आणि शेजारी ग्रामोद्योगांचे प्रदर्शन मांडले होते. नेहरूंना पाहावयास आलेल्या शेतकऱ्याने जाता जाता हेही पाहून जावे, अशी गांधीजींची योजना. मिरवणुकीच्या वाटेवर शाळा घालण्याचाच हा प्रकार होता, आणि आम्हांला तो फार आवडतो.

फैजपुराहून सातपुडा ओलांडला की निमाड लागतो. तेथे हरसूद नावाचे गाव होते. 'होते' हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहो. 28 सप्टेंबर 1989 रोजी त्या गावात देशाच्या कानाकोपऱ्यांतून लोक जमले. कोणी तीस हजार म्हणतात, कोणी पन्नास हजारांहून अधिक. (मेळाव्याची माणसे मोजण्याची विद्या अजून आपल्याकडे शास्त्र झालेली नाही!) बाबा आमटे, मेधा पाटकर, सुंदरलाल बहुगुणा अशी मंडळी तेथे होती. 'विकास चाहिए, विनाश नहीं' ही घोषणा तेथे दुमदुमली. मेळावा कोणत्या पक्षाचा नव्हता. पण तो राजकीय नव्हता असे म्हणणे म्हणजे स्वतःला फसविणे होय. दोनच महिन्यांनी लोकसभेची निवडणूक व्हायची होती, आणि हे सर्वांस ठाऊक होते.

हरसूद बुडणार होते ते सरदार सरोवराने नव्हे, तर त्याच नदीवर वर पुनासाजवळ बांधावयाच्या नर्मदासागराने, ज्याला पुढे इंदिरासागर हे नाव मिळाले. सरदार सरोवराचे पाणी मध्य प्रदेशातील 193, महाराष्ट्रातील 33 आणि गुजरातेतील 19 गावांवर चढणार होते. आपली ती 33 गावे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, सारी आदिवासींची. 1979 साली लवादाने निवाडा दिला, त्यात 280 लक्ष एकर-फूट पाण्यापैकी महाराष्ट्राच्या वाट्याला अडीच लक्ष आले, आणि विजेचा वाटा शेकडा 27. वीज शहरांना मिळायची आणि बुडायचे मणिबेलीने, हा हिशेब आपल्यासारख्या शहरवासीयांनी एकदा तरी मनाशी मांडून पाहावा.

हरसूदचा मेळावा यशस्वी झाला खरा. तथापि तेथे जमलेली बहुतेक माणसे आधीच पटलेली होती. पटलेल्यास पटविणे सोपे असते. कसोटी लागते ती न पटलेल्यांपुढे.

आमचे छोटेसे मंडळ निवडणुकीच्या सभांतून आपल्या नदीविषयीची पत्रके वाटीत असते. पहिली शंभर पत्रके लोक सतरंजी अपुरी पडली म्हणून खाली अंथरायला घेतात. त्याबद्दल आमची तक्रार नाही. एकदा एक वृद्ध शेतकरी पत्रक वाचून परत आला. म्हणाला, "दादा, हे नको, ते नको, हे समजलं. माझ्या विहिरीला पाणी कुठून येणार, ते ह्यात कुठं लिहिलंय?" त्याला उत्तर देण्यात आमची अर्धी सभा गेली. व्यासपीठावर कोण काय बोलले ते आम्हांस कळलेही नाही.

हाच प्रश्न नर्मदेच्या आंदोलनापुढे फार मोठ्या रूपात उभा राहिला. 25 डिसेंबर 1990 रोजी बडवानीजवळच्या राजघाटाहून हजारो लोक पायी धरणाकडे निघाले. आपण हिंसा करणार नाही हे दिसावे म्हणून पुढच्यांनी हात बांधून घेतले होते. पाठीच्या दुखण्याने ज्यांना बसताही येत नसे, ते बाबा आमटे बरोबर होते. गुजरातच्या हद्दीवर फेरकुव्यास पोलिसांनी त्यांना अडविले. पलीकडे धरणाच्या बाजूचे लोक जमविलेले. मेधाताई आणि त्यांचे सहकारी तीन आठवड्यांवर उपोषण करीत राहिले. त्यातून जागतिक बँकेने स्वतंत्र समिती नेमली, समितीने 1992 साली प्रतिकूल अहवाल दिला, आणि 1993 साली बँकेचे कर्ज थांबले.

हा विजय लहान नव्हे. पण आमचे लक्ष जाते ते हद्दीच्या पलीकडच्या माणसांकडे. त्यांत कच्छ-सौराष्ट्रातले तहानलेले लोकही असतील. कालव्यांच्या मूळ आराखड्यात कच्छच्या लागवडीच्या जमिनीपैकी अगदी थोड्या भागाला पाणी मिळायचे होते, ही गोष्ट त्यांच्या कानी घालण्यासारखी होती. पण दोन जमाव समोरासमोर उभे ठाकले म्हणजे घोषणा तेवढ्या पलीकडे पोचतात; आकडे पोचत नाहीत. पुढे नळांनी नर्मदेचे पिण्याचे पाणी त्या प्रदेशात गेले, हेही न लपविता सांगितले पाहिजे. ज्याच्या घागरीत ते पडले, त्याला मणिबेलीची गोष्ट सांगायची तर आधी त्याच्या घागरीविषयी बोलावे लागेल. सभेच्या कडेला, चहाच्या गाडीपाशी, दोघाचौघांत ते बोलता येते. व्यासपीठावरून आम्हांला तरी ते कधी साधलेले नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 18 ऑक्टोबर 2000 रोजी सरदार सरोवराच्या बाजूने निकाल दिला. 2004 च्या जूनअखेर हरसूद रिकामे करण्यात आले. लोकांनी आपापल्या घरांच्या भिंती स्वतःच्या हातांनी उतरविल्या, विटा आणि दारे गाड्यांवर घातली, आणि पुष्कळजण छनेरा येथे वसविलेल्या नव्या हरसुदास गेले. उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी ओसरले, की जुन्या गावाचे अवशेष वर दिसतात, आणि तिथली माणसे ते पाहावयास येतात.