तारकर्लीची पुळण आणि आद्य जीवांची साक्ष

तारकर्लीच्या पुळणीवर ओहोटीच्या वेळीं फेरफटका करणाऱ्याच्या पायांखालीं शिंपल्यांचा चुरा करकरतो. ह्या साऱ्याचे कालांतरानें जीवाश्म होतील असें वाटणें स्वाभाविक आहे; परंतु वस्तुस्थिति उलट आहे. शिंपला चुन्याचा. लाटा त्याला कुटतात, पावसाचें किंचित् आम्ल पाणी त्याला विरघळवितें. ज्याच्यावर गाळाचा थर लौकर बसला, असा एखादाच टिकावयाचा.

कोंकणच्या जांभ्यांत जीवाश्म शोधूं जाणें बहुधा व्यर्थ. मात्र सिंधुदुर्ग जिल्ह्यांत जांभ्याखालीं मायोसीन काळचे जे मातीचे थर आहेत, त्यांतून नेच्यांचे बीजाणु व फुलझाडांचे परागकण मिळाले आहेत. शिंपला गेला आणि फुंकरीनें उडणारा पराग टिकला! त्याचें कवच आम्लालाहि दाद देत नाहीं. पण आद्य जीवांच्या मानानें हे परागकण अगदीं कालचे.

मग त्या आद्य जीवांचा पुरावा कोठें? ह्याच प्रश्नापाशीं डार्विन अडला होता. आज ज्यांना कँब्रियन म्हणतात त्या थरांत नाना प्राणी एकाएकीं दिसतात, आणि त्यांखालचे खडक मात्र रिते. ह्याचें समाधानकारक उत्तर आपणांपाशीं नाहीं, असें त्यानें १८५९ सालच्या ग्रंथांत प्रांजळपणें कबूल केलें. विरोधकांना ह्याहून बळकट शस्त्र कोणतें हवें होतें? उत्तर मिळावयास जवळ जवळ शंभर वर्षें लागलीं. १९५४ सालीं टायलर व बार्गहूर्न ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं कॅनडांतील सुपीरियर सरोवराच्या कांठच्या गारेसारख्या खडकाच्या पातळ चकत्या सूक्ष्मदर्शकाखालीं धरून सुमारें १९० कोटी वर्षांपूर्वींचे सूक्ष्म जीव दाखविले. खडक रिते नव्हते. पाहणाराची दृष्टि मोठ्या आकारांना चटावली होती.

दक्षिणेंतहि अशा जीवांच्या खुणा आहेत. ज्या कलादगी समूहाचे वालुकाश्म सिंधुदुर्ग जिल्ह्यांतहि आढळतात, त्याच समूहाच्या बागलकोटकडील चुनखडकांत कोबीच्या गड्ड्यासारखे पापुद्र्यांचे उंचवटे दिसतात. हे स्ट्रोमॅटोलाइट शंभर कोटी वर्षांहून जुने. नील-हरित सूक्ष्म जीवांचा चिकट थर, त्यावर गाळ, पुन्हां नवा थर, अशी त्यांची घडण. ह्या जीवांना पूर्वीं शैवाल म्हणत. आतां त्यांची गणना जीवाणूंत होते.

अर्थात् प्रत्येक आकृति जीवाश्म नसते. भीमबेटका येथील गुहेच्या छतावरचा ठसा २०२१ सालीं अतिप्राचीन प्राण्याचा म्हणून गाजला. २०२३ सालीं तो मधमाश्यांच्या पोळ्याचा अवशेष निघाला.

तारकर्लीस परतावें तर त्या आद्य कुळांतले जीव जिवंतच भेटतात. कर्लीच्या खाडींत कांदळांच्या मुळांशीं चिखलावर जो निळसर हिरवा, बुळबुळीत पापुद्रा धरतो त्यांत त्यांची वस्ती असते. सूर्यप्रकाशाच्या बळावर पाणी फोडून प्राणवायु सोडणें हा त्यांचा उद्योग. त्यानेंच सुमारें २४० कोटी वर्षांपूर्वीं हवेंत प्राणवायु सांठूं लागला. येथें त्या पापुद्र्याचे उंचवटे मात्र होत नाहींत. शंखांतले लहानसहान प्राणी तो खरवडून खातात. ऑस्ट्रेलियांतील शार्क बे येथें एका भागांत पाणी इतकें खारट आहे कीं असे खाणारे तेथें थोडे. म्हणून तेथें स्ट्रोमॅटोलाइट आजहि वाढत आहेत.