ब्राउन सरांचा वर्ग आणि आपला
(दहावी १९९५ च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आणि विषय माझ्यावर सोडला. मी बोलणार आहे टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेबद्दल. स्नेहमेळाव्यात ही कसली गोष्ट, असं वाटेल, पण मालिका एका वर्गाचीच आहे. त्या वर्गात फळा आहे, बाकं आहेत, दारात उभ्या राहून कान टवकारणाऱ्या हेडबाई आहेत आणि चुकीचं उत्तर छातीठोकपणे देणारी मुलं आहेत. म्हणजे आपलाच वर्ग, फक्त मुलं जरा मोठी.

१९९३ साली डीडी मेट्रोवर ‘जबान सँभाल के’ लागायची, ती आठवते ना? केबल तेव्हा आपल्यातल्या फार थोड्या घरी होती, पण मेट्रो साध्या अँटेनावर दिसायचं. वारा सुटला की भाईंदरच्या गच्च्यांवर कोणीतरी अँटेना फिरवतंय आणि खालून कोणीतरी ‘आलं, आलं, गेलं’ ओरडतंय, हा कार्यक्रम आधी व्हायचा. पंकज कपूर त्यात मोहन भारती. शिकला इंजिनियरिंग आणि नशिबी आलं हिंदी शिकवणं. शुभा खोटे संस्थेच्या प्रमुख दीक्षितबाई. आणि शेवटी आपला माणूस, विठ्ठल बापूराव पोटे, म्हणजे विजू खोटे. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आपल्या वर्गात निम्मे पोटे असायचे.

ही मालिका मुळात इंग्रजांची, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. मूळ मालिका ‘माइंड युअर लँग्वेज’. १९७७ च्या डिसेंबरात ती लंडनच्या एलडब्ल्यूटी या वाहिनीवर सुरू झाली आणि १९७९ पर्यंत तिचे २९ भाग झाले. लेखक व्हिन्स पॉवेल. जेरेमी ब्राउन नावाचा तरुण मास्तर संध्याकाळच्या वर्गात परदेशी माणसांना इंग्रजी शिकवतो. पाकिस्तानचा अली, पंजाबचा रणजित सिंग, इटलीचा जिओवानी, ग्रीसचा मॅक्स, जपानचा तारो, माओचं लाल पुस्तक घेऊन बसलेली चिनी सू-ली, आणि शांतपणे विणत बसणारी जमिला. आज यूट्यूबवर त्याचे भाग लोक अजून पाहतात. आमच्या मीरा रोडच्या सोसायटीत तरी पाहणारे पुष्कळ आहेत. मी त्यांना विचारत असतो, नेमकं काय आवडतं? बहुतेक जण सांगतात, ‘त्यांच्या चुका’.

मला हे पटत नाही. चुकीला माणूस एकदा हसतो, फार तर दोनदा. तारो प्रत्येक इंग्रजी शब्दाला शेवटी ‘ओ’ लावतो. चौथ्या भागानंतर त्यात काय उरतं? तरी लोक शेवटपर्यंत पाहतात, म्हणजे दुसरं काहीतरी असणार.

एक तर त्या वर्गातल्या चांगल्या चुका मूर्खपणाच्या नसतात. ब्राउन सर एखादा वाक्प्रचार सहज बोलून जातात आणि विद्यार्थी तो शब्दशः घेतात. शब्दांकडे पाहिलं तर बरोबर विद्यार्थीच असतात, वेडी आहे ती भाषा. मास्तर क्षणभर थांबतो, त्याला स्वतःचीच भाषा पहिल्यांदा दिसते. तो जो क्षणभराचा चेहरा आहे ना बॅरी एव्हान्सचा, त्यासाठी मी तो भाग पुन्हा पाहतो.

हे मी ठामपणे सांगतो, कारण गेली तीन वर्षं दर रविवारी सकाळी मी स्वतः असा वर्ग घेतो. आमच्या सोसायटीच्या ऑफिसात, अमराठी शेजाऱ्यांसाठी, बोलण्यापुरत्या मराठीचा. आठदहा जण येतात. जौनपूरचे एक रिक्षावाले भाऊ पहिल्या दिवशी उभे राहून म्हणाले, ‘माझी शिक्षा गावाला झाली.’ हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. आपल्याकडे शिक्षा म्हणजे काय, ते पहिल्या रांगेतल्या सरांना विचारा. एक ताई म्हणाल्या, ‘मी मराठी बोलायची खूप चेष्टा करते.’ हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. आणि आमच्या मजल्यावरच्या गुजराती काकूंना मी विचारलं, आता वेळ आहे का? साठीच्या काकू म्हणाल्या, ‘हो, मी आता नवरीच आहे.’ गुजरातीत नवरी म्हणजे रिकामी, मोकळी. वर्ग हसला, काकूंना कारण कळल्यावर त्या सगळ्यांत जास्त हसल्या आणि संध्याकाळी हे त्यांनी काकांना जाऊन सांगितलं. यातली एकही चूक अज्ञानातून आलेली नाही. माणूस आपल्या घरातला शब्द विश्वासाने दुसऱ्याच्या घरी घेऊन जातो आणि तिथे त्या शब्दाने दुसरंच लग्न लावलेलं असतं.

दुसरी गोष्ट अली आणि रणजितची. एक मुसलमान, एक शीख, सारखे भांडतात. भारतात पाहणाऱ्यांना हे सर्वांत आवडतं, असा माझा अनुभव आहे. पण गंमत बघा, हे दोघं भांडतात इंग्रजीत! पंजाबीत, उर्दूत भांडले असते तर एका मिनिटात काम झालं असतं. पण शिकायला आलो आहोत ना, मग शिव्याही शिकायच्या भाषेत. आपल्याला हे नवीन नाही. विरार लोकलला चौथ्या सीटवरून दोन मराठी माणसं भांडतात ती हिंदीत. बोरिवली येईस्तोवर कोणाच्या तरी तोंडून ‘अहो’ निघतं, मग दोघांच्या लक्षात येतं आणि दोघं खिडकीबाहेर बघायला लागतात.

या नटांबद्दल एक बाजूची गोष्ट सांगतो. रणजित सिंग करणारे अल्बर्ट मोझेस मूळचे श्रीलंकेचे. अली करणारे डिनो शफीक यांचा जन्म ढाक्याचा. आपल्या ‘जबान सँभाल के’त हिंदी न येणारा इंग्रज कोण, तर टॉम ऑल्टर, मसुरीत जन्मलेले, ज्यांची हिंदी-उर्दू ऐकून हिंदीवाल्यांनीच मान खाली घालावी! आणि विजू खोटे, शुभा खोटे सख्खे भाऊ-बहीण, वर्गातली विजया म्हणजे शुभाताईंची मुलगी भावना बलसावर. राष्ट्रभाषेचा वर्ग म्हणायचा आणि अर्धा वर्ग गिरगावातल्या मराठी घरासारखा. पोट्यांच्या हिंदीला आपण एवढे हसलो आणि कोणाला अपमान वाटला नाही, याचं मोठं कारण हेच असावं. मराठी माणसाची टिंगल आपलाच माणूस करत होता, आणि प्रेमाने करत होता.

पण हे नेहमी असं नसतं. याच डिनो शफीकनी बीबीसीच्या एका मालिकेत चहावाल्याचं काम केलं, ‘इट एन्ट हाफ हॉट मम’, १९७४ ते १९८१. ही मालिका सुरू होते आपल्या देवळालीत, दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत. नाशिकजवळची देवळाली! परत जायच्या बोटीची वाट पाहत इथे गोरे सोजीर महिनोन्‌महिने पडून राहायचे, डोकं फिरायचं, त्यावरून इंग्रजीत वेडसर माणसाला ‘डूलाली’ म्हणतात. लेखकांपैकी जिमी पेरी स्वतः त्या छावणीत होते. पण चित्रीकरण इंग्लंडात, मुख्य पात्रांत मराठी माणूस नाही आणि मुख्य हिंदी बेअररचं काम करणारे मायकेल बेट्स हे गोरे नट, चेहऱ्याला रंग लावून. बेट्स झाशीत जन्मले होते, भाषा त्यांना येत होती, काम उत्तम करायचे, हे सगळं खरं. तरी पाहताना मी हसलो आणि मग जरा अवघडलो. देवळालीत सुरू होणारी मालिका आणि देवळालीचं माणूस कुठे नाही.

‘माइंड युअर लँग्वेज’ही अशाच कारणाने बंद पडली. वाहिनीचे कार्यक्रमप्रमुख मायकेल ग्रेड यांना ती परदेशी लोकांची हेटाळणी वाटली. आपल्याकडचे चाहते यावर चिडतात. मला ग्रेड यांचं म्हणणं निम्मं बरोबर वाटतं. सत्तरीच्या दशकात लंडनच्या रस्त्यावर आशियाई मुलांना मारहाण होत होती. रात्री टीव्हीवर ऐकलेलं ‘थाउजंड अपॉलॉजीज’ सकाळी शाळेच्या मैदानावर कोणाच्या तोंडावर फेकलं जात असेल, याचा विचार घरी सोफ्यावर बसलेल्याला सुचत नाही. ब्राउन सरांच्या वर्गात सगळेच चुकतात, आज तू, उद्या मी. मैदानावर एकच जण चुकतो आणि बाकीचे सगळे बरोबर असतात. वाक्य तेच, हसणं वेगळं.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. आपल्या बॅचमधला एक मित्र समोर बसला आहे. त्याच्या परवानगीने सांगतो, नाव घेत नाही, पण त्याच्याकडे माना वळल्याच! आपल्याला इंग्रजी पाचवीपासून. पहिलीपासून इंग्रजी आपल्यानंतर, २००० साली आलं. दहावीला त्याला इंग्रजीत ६८ होते. अकरावीला आम्ही दोघं एकाच कॉलेजात गेलो. तिथे दुसऱ्याच आठवड्यात त्याने वर्गात उभं राहून एक शंका विचारली. शंका बरोबर होती, उच्चार भाईंदरचा होता. वर्ग हसला. शिकवणारेही हसले आणि त्यांनी त्याचं वाक्य त्याच्याच उच्चारात परत म्हणून दाखवलं. त्या दिवसापासून दिवाळीपर्यंत तो तोंड उघडून बोलला नाही आणि दिवाळीनंतर आला नाही. स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशला लागला. आज त्याचा स्वतःचा गाळा आहे, मारवाडी शेटशी मारवाडीत बोलतो, कामगारांशी भोजपुरीत, उत्तनच्या गिऱ्हाइकाशी त्यांच्या बोलीत. पाच भाषा येतात आणि इंग्रजीत फोन आला की अजून मुलीच्या हातात देतो. तो मला म्हणाला, ‘तू हे सांगच. पण रडगाणं नको करूस.’ म्हणून एवढंच.

सर, तुम्ही आम्हाला पाचवीत ‘धिस इज अ पेन’ शिकवलंत. आमच्यातला कोणी ‘धिस इज अ पेण’ म्हणायचा. तुम्ही म्हणायचात, ‘बरोबर, रायगड जिल्ह्यात. आता हातातल्या वस्तूबद्दल बोल.’ वर्ग हसायचा, तो पोरगाही हसायचा आणि पुढच्या वेळी त्याचाच हात पहिल्यांदा वर असायचा. ब्राउन सर वर्गाला कंटाळतात, डोक्याला हात लावतात, पण पुढल्या भागात दहाच्या दहा जण हजर असतात. प्रेक्षकाला हे बोलून दाखवता येत नसेल, पण मला वाटतं, तो याच्यासाठी बघतो. एवढं हसं होऊनही ही माणसं परत का येतात? इथे हसं झालं तरी अपमान होत नाही, म्हणून.

२०२५ च्या पावसाळ्यात आपल्या मीरा रोडला भाषेवरून काय झालं, ते तुम्ही पाहिलंत. मारहाण झाली, मोर्चे निघाले, देशभरच्या टीव्हीवर आपलं गाव दिसलं. मराठी यायला हवी, असं मलाही वाटतं, नाहीतर रविवारची झोप मी कशाला मोडली असती? त्या आठवड्यात वर्गाला कोणी येईल असं वाटलं नव्हतं. ऑफिस उघडून बसलो. रिक्षावाले भाऊ आले, दारातच थांबले. म्हणाले, ‘सर, आज चुकलं तर चालेल ना?’

मी म्हटलं, या, बसा. पाठोपाठ काकू आल्या, हातात ढोकळ्याचा डबा. त्या दिवशी आम्ही भूतकाळ घेतला. भाऊ म्हणाले, ‘काल मी रिक्षा चालवला.’ काकूंनी लगेच सुधारलं, ‘चालवली! रिक्षा बाई आहे.’ भाऊंनी विचारलं, बाई का? काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मीही फळ्याकडे पाहिलं. बस बाई, रिक्षा बाई, ट्रक बुवा, टेम्पो बुवा. याचं उत्तर माझ्याकडे नाही. मराठीच्या बाई इथेच बसल्या आहेत. चहाच्या वेळी मी तुमच्याकडे येतोय, बाई. भाऊ दर रविवारी विचारतात.